पाचला हप्ता, सातला पगार

सव्वीस वर्षं सोफे आणि गाद्या करण्यात गेली, पण मामाने तोट्याचं काम कधी अंगावर घेतलं नाही. गिऱ्हाईक कितीही गोड बोलो, आधी कापायच्या मेजावर अस्तराचा तुकडा पसरायचा आणि खडूने मांडायचं: फोम एवढा, कापड एवढं, स्प्रिंगा एवढ्या, मजुरी एवढी. खाली चार पैसे उरत नसतील तर हसून म्हणायचं, "साहेब, तुमचा जुना सोफाच झकास आहे हो, अजून दहा वर्षं मरत नाही." असा पक्का माणूस! आणि याच पक्क्या माणसाने भाचीच्या सहा लाखांच्या कर्जाला जामीन राहताना खडूला हातसुद्धा लावला नव्हता.

त्याला कारणही तसंच होतं. भाची म्हणजे त्याच्या ताईची एकुलती एक. ताईचा नवरा गेला तेव्हा पोर अकरा वर्षांची. घर भेटायला आलेल्या माणसांनी भरलेलं, आणि सांत्वन करायला आलेली माणसंच हिच्यापाशी बसून आपापली रडगाणी गात होती. ही गुडघ्यांवर हनुवटी टेकवून ऐकत होती. पुढेही तेच. शेजारीण असो, शाळेतल्या बाई असोत, कुणी हिच्याजवळ बसलं की पोटातलं सगळं ओकूनच उठायचं. म्हणून शाळा संपल्यावर तिने मानसशास्त्र घेतलं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. मामाने तर दुकानात येईल त्याला सांगितलं, "आमची भाची मनाची डॉक्टर होणार." त्या दिवसापासून तिचं नावच डॉक्टर पडलं.

घोडचूक इथेच होती. तीन वर्षांच्या पदवीने कुणी मनाचा डॉक्टर होत नाही, हे त्या घरात एकालाही ठाऊक नव्हतं. ताई इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची, मामी घर बघायची, मामाला स्प्रिंगांपलीकडे काही कळत नव्हतं. विचारणार कुणाला? कॉलेजच्या गुळगुळीत माहितीपुस्तकात एक चष्मेवाली मुलगी केबिनमध्ये बसलेली होती, समोर एक माणूस डोळे पुसत होता, आणि मामाला तेवढं पुरलं. निकाल लागला त्या आठवड्यात त्याने भाचीच्या पेशंटांसाठी हिरव्या कापडाचा एक लांबलचक कोच करून ठेवला. उशाकडची बाजू छान चढती, काठाला दुहेरी शिवण.

भाचीने कोचावरून हात फिरवला. "मामा, फारच सुंदर झालाय रे. पण मला पेशंट बघता येत नाहीत."

"का? पास झालीस ना?"

"त्याला मास्टर्स लागतं. आणखी दोन वर्षं. मग परवाना मिळतो."

"मग ही डिग्री कसली?"

"ही अर्धी आहे, मामा."

अर्धी! मामाच्या धंद्यात अर्ध्या सोफ्याला कुत्रं विचारत नाही. पण सहा लाख तर अख्खे उचललेले, आणि शिकता शिकता त्यावर व्याज चढून हप्ते सुरू होईपर्यंत त्यांचे सात लाख चाळीस हजार झालेले. महिन्याला दहा हजार आठशे, नऊ वर्षं. कोच पुढे एका सलूनवाल्याने नेला, नंबर लावून बसलेल्या गिऱ्हाइकांसाठी.

भाचीला नोकरी लागली एका मोठ्या कंपनीत. फ्रिज, धुण्याची यंत्रं विकणारी कंपनी. "काम काय?" मामाने विचारलं. "माणसांशी बोलायचं," ती म्हणाली. हे मामाला पटलं. माणसांशी बोलायला हिच्याइतकं दुसऱ्या कुणाला येणार? मग मामीने विचारलं, पगार किती. मामीचा स्वतःचा भाचा एसी दुरुस्त करायचा, शाळा अर्ध्यात सोडलेला, आणि बावीस हजार आणायचा, हे ती रोज आंघोळ केल्यासारखं न चुकता सांगायची. भाची म्हणाली, "सव्वीस." मामाने मामीकडे असं पाहिलं की काही विचारू नका.

या गोष्टीला अकरा महिने झाले, आणि एका सोमवारी ताईचा फोन आला. पोरीची मास्टर्सला निवड झाली होती. चारशे अर्जांतून तीस जण घेतले, त्यात ही. फी वर्षाला दोन लाख, आणि पहिल्या वर्षाची रक्कम शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत भरली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. "ती नको म्हणतेय," ताई म्हणाली. "म्हणते, जाऊ दे. पण पत्र आल्यापासून तिसऱ्यांदा वाचताना बघितलं मी तिला."

मामाने या खेपेला मात्र अस्तर पसरलं आणि खडू घेतला. बँकेतून चार लाखांचं दुसरं कर्ज. शिकत असेपर्यंत जुने हप्ते थांबतात, व्याज मात्र थांबत नाही. दोन्ही मिळून शेवटी तेरा लाखांच्या वर जाईल, हप्ता साडेएकोणीस हजार. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. पण नुसत्या अर्ध्या पदवीला सव्वीस मिळतात, तर पुरी झाल्यावर चाळीस तरी मिळणारच की! चाळीसातून साडेएकोणीस वजा, बसभाडं वजा, तरी सतरा हजार उरतात. मामाने तीन वेळा मांडून बघितलं. जमत होतं.

"एकदा सही केलीत, आता परत?" मामी म्हणाली. "अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसाने. गाद्या करण्यात जन्म गेला तरी तुम्हाला एवढं कळू नये?"

"अंथरूण मोजूनच सांगतोय," मामा म्हणाला आणि तिला अस्तर दाखवलं. मामीने आकडे वाचले आणि ओठ मुडपले.

बुधवारी भाचीने अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि दोघं बँकेत गेले. रजा काढली म्हणजे काय, मामाने काढायला लावली. वाटेत ती दोनदा म्हणाली, "मामा, नको ना जाऊया." बँकेच्या पायऱ्यांवर तिने त्याची बाही धरली. "मामा, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"आत नंबर लावू आधी, मग सांग," मामा म्हणाला. गावाचं ऐकणाऱ्या त्या पोरीचं ऐकायला कुणाला वेळ होता! नंबर लगेचच लागला आणि सांगायचं राहून गेलं.

कर्ज विभागातल्या बाई शांत होत्या, वागायला चांगल्या. त्यांनी मामाचं नाव घातलं, पडद्यावर बघितलं, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं.

"तुम्हाला जामीन राहता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या नावावर अकरा थकबाक्या दिसतायत."

मामा हसलाच. "बाई, मी आयुष्यात उधारीवर सुई घेतली नाही. दुसऱ्या कुणाचं असेल."

"तुमचंच आहे. तुम्ही ज्या कर्जाला जामीन आहात त्याचा हप्ता पाच तारखेला कापला जातो. खात्यात पैसे नसतात, हप्ता परत जातो. दंड लागतो. आठ तारखेला पैसे भरले जातात. दर महिन्याला हेच. अकरा महिन्यांत अकरा वेळा. कर्जदाराचं नाव खराब झालं की जामीनदाराचंही होतं."

मामाने भाचीकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती.

"पगार सातला होतो," ती म्हणाली.

"मग तारीख बदलून घ्यायची ना!" बाईंनाच राहवलं नाही. "साधा फॉर्म असतो. आठ तारीख करून दिली असती. फक्त पगाराची स्लिप जोडायची आणि जामीनदाराची सही आणायची."

आता सगळं उघडच होणार होतं. नव्या कर्जासाठी स्लिप मागितली होती, ती भाचीच्या मांडीवरच्या पाकिटात होती. तिने पाकीट बाईंना दिलं नाही, मामाला दिलं. मामाने कागद लांब धरून वाचला. सोळा हजार.

त्याला वाटलं, चष्म्याची चूक असेल. त्याने कागद जवळ आणला. सोळाच. आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो फॉर्म अकरा महिने तिच्या पिशवीत पडून होता, कारण त्याच्यावर मामाची सही हवी होती, आणि सही घ्यायची तर मामाला स्लिप दाखवावी लागली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तिने मूठ झाकून ठेवली होती, आणि बँकेची पत्रं ताईच्या पत्त्यावर यायची ती पोस्टमनकडून परस्पर घ्यायची. दंड किती भरला? महिन्याला पाचशे नव्वद. नसलेल्या दहा हजारांच्या अब्रूसाठी!

"बाई, काही करता येईल का?" मामाने विचारलं.

"तारीख आज बदलून देते. पुढे बारा महिने हप्ते वेळेवर गेले की नाव साफ व्हायला लागेल. मग या."

"जागा शुक्रवारी जातेय हो."

बाईंनी मान हलवली. त्यांच्या हातातही काही नव्हतं, हे दिसत होतं. मामाने तारखेच्या फॉर्मवर सही केली. एवढंच काम झालं.

बाहेर कोपऱ्यावर चहाची टपरी होती. दोघं बाकावर बसले. मामाला चिडायचं होतं, बोलायचं होतं की अगं गाढवे, मला एकदा तरी सांगायचंस. पण कुणावर चिडणार? बावीसच्या टोमण्यापुढे मामीकडे छाती काढून बघितलं होतं कुणी? आपलेच दात, आपलेच ओठ.

"कामाला काय करतेस नक्की?" त्याने विचारलं.

"फोन घेते. लोकांचा फ्रिज बिघडतो, माणूस दुरुस्तीला येत नाही, मग ते शिव्या देतात. त्यांना शांत करायचं. दिवसाला नव्वद जणांना."

"आणि त्याला डिग्री लागते?"

"लागत नाही. माझ्या शेजारची मुलगी शाळा संपल्या संपल्या लागली. तिला तीन वर्षं झाली, तिला एकोणीस मिळतात. मी तीन वर्षं शिकले, मला सोळा." ती हसली. "तिला कर्ज नाही."

मामाच्या खिशात खडू कायमचाच असे. त्याने बाकाच्या फळीवरच मांडायला घेतलं. सोळातून दहा हजार आठशे गेले. बसभाडं चौतीसशे. उरले अठराशे. दंड वेगळाच.

"आणि मास्टर्स झाल्यावर? खरं सांग."

"सुरुवातीला चोवीस, मामा. चांगली जागा मिळाली तर."

चोवीसातून साडेएकोणीस. त्यातून चौतीसशे. मामाचा हात थांबला. उरले अकराशे. म्हणजे दोन वर्षं आणखी शिकून, आणखी चार लाख घेऊन, मनाची खरीखुरी डॉक्टर होऊन पोरीच्या हातात आजच्यापेक्षा सातशे कमी राहणार होते! नाही शिकली तर अर्धी पदवी गळ्यात आणि नऊ वर्षं फोनवर शिव्या. इकडे आड, तिकडे विहीर. मामाने फळीवरचे आकडे तळहाताने पुसले.

"तोट्याचं आहे, डॉक्टर," तो म्हणाला.

"माहितीये. मी हे मागेच मांडलं होतं." तिने पेला दोन्ही हातांत धरला होता, चहा पीत नव्हती. "तरी मला तेच शिकायचंय, मामा. रोज एखादा तरी माणूस फ्रिजचं बोलता बोलता भलतंच बोलायला लागतो. बायको गेली म्हणतो, झोप येत नाही म्हणतो. आणि मला चार मिनिटांत फोन ठेवावा लागतो. मला त्यांचं पुढचं ऐकायचंय. पण जाऊ दे. तुझं नाव माझ्यामुळे खराब झालं, त्याचं जास्त वाईट वाटतंय."

"नावाला काय जाळायचंय!" मामा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने चहावाल्यावर उगाच खेकसून घेतलं की साखर किती घालतोस.

गुरुवार कोरडा गेला. मामाने चार ओळखीच्या माणसांकडे शब्द टाकून बघितला. सगळ्यांनी चहा पाजला आणि हात वर केले. शुक्रवारी दुपारी सव्वातीनला समोरच्या रस्त्यावरचा फर्निचरवाला आपण होऊन आला. त्याला कुणकुण लागली होती. मामाची दोन्ही जाड शिलाईची यंत्रं, हवेवर चालणारी स्टेपल गन, कापायचं मेज आणि उरलेला माल असं सगळं मिळून तो दोन लाख द्यायला तयार होता. "आणि काम माझ्याकडेच करा," तो म्हणाला. "रोजावर. तुमच्यासारखा हात मिळायचा नाही मला." त्याने नोटांचं पुडकं मेजावर ठेवलं.

मामाने खडू घेतला नाही. हे काम मांडायचंच नाही, असं त्याने पुडकं बघताक्षणी ठरवलं. सव्वीस वर्षांत एक काम तोट्यात केलं तर काय आभाळ कोसळणार आहे? दुसऱ्या वर्षाचं दुसऱ्या वर्षी बघू. फी भरायला तिचा अर्ज क्रमांक हवा होता. त्याने तिला फोन लावला. वाजत राहिला. ताईला लावला. ताई म्हणाली, तो क्रमांक त्या पत्रात, पत्र हिच्या फोनमध्येच, आणि कामावर असताना यांचे फोन लॉकरमध्ये बंद करून घेतात, सहाला मिळतात. कंपनी गावाच्या दुसऱ्या टोकाला, बसने दीड तास. घड्याळात पावणेचार.

मग त्याने मामीला विचारून घरच्या फ्रिजच्या कागदावरचा त्याच कंपनीचा नंबर लावला. आधी एक यंत्र बोललं, मग गाणं वाजलं, मग एक मुलगा आला. मामाने भाचीचं नाव सांगितलं. "सर, तसा कॉल जोडता येत नाही. फ्रिजची काय तक्रार आहे?" मामाने फोन ठेवला आणि पुन्हा लावला. पुन्हा गाणं. दुसरी मुलगी. पुन्हा लावला. फर्निचरवाला स्टुलावर बसून हे सगळं बघत होता. सहाव्या खेपेला, चार चाळीसला, तोच आवाज आला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

"डॉक्टर! अगं मी मामा..."

मग ती म्हणाली, "सर, आपल्या माहितीसाठी, हा कॉल रेकॉर्ड होत आहे."

मामाला कळलं. जन्मल्यापासून अरे-तुरे करणारी पोर त्याला सर म्हणत होती. "बरं बरं, मॅडम," तो घाईने म्हणाला. "माझी दोन यंत्रं आहेत बघा. दोन लाखांचं गिऱ्हाईक आलंय. पैसे समोर ठेवलेत. एका मुलीची जागा जातेय पाचला. मला फक्त तिचा नंबर हवाय."

"यंत्रं किती वर्षं वापरात आहेत, सर?"

"सव्वीस."

"घर त्यांच्यावरच चालतं का?"

"ते सोडा हो, मॅडम..."

"मग ती विकू नका, सर." आवाज अजिबात हलला नाही. "माझं ऐकताय ना? विकू नका."

"काम अर्धवट राहतंय गं. अर्धवट कामाला किंमत नसते, मला विचार."

"ते काम तुमचं नव्हतं, सर. तुम्ही तुमच्या बाजूने सगळं केलंत. यात तुमची चूक नाही."

"मग कुणाची आहे?"

पलीकडून इतर आवाज ऐकू येत होते. कितीतरी मुलंमुली एकाच सुरात माफी मागत होती.

"ते मला इथून सांगता येणार नाही, सर," ती म्हणाली. मग हळू म्हणाली, "सर, तुमचा श्वास फार जोरात चाललाय. बसून घ्या. पाणी आहे का जवळ?"

मामा बसला. फर्निचरवाल्याने पुढे केलेला तांब्या त्याने घेतला.

"हळू प्या. दुपारी जेवलात?"

"नाही."

"आता जेवून घ्या. घरच्यांना दुकानावर बोलावून घ्या, एकटे बसू नका. आणि रात्री त्या मुलीचा विचार करत बसू नका. ती ठीक आहे. तिने सांगितलंय तसं."

तिने ते इतक्या मायेने, इतक्या धिम्या लयीत सांगितलं की मामाच्या छातीतली धडधड खरोखर खाली आली. खांदे सैल पडले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला नीट श्वास घेता आला. आणि तेवढ्यात त्याला भयंकर रडू आलं, कारण पोरीला हे येत होतं. शिकवायला नको इतकं येत होतं.

"नंबर दे ना, बाळा," तो म्हणाला.

"ती माहिती आमच्याकडे उपलब्ध नाही, सर." या खेपेला मात्र आवाज किंचित फाटला. "आणखी काही मदत करू शकते?"

"नाही," तो म्हणाला.

"धन्यवाद. आपला दिवस चांगला जावो."

ती गेली आणि पुन्हा ते यंत्र बोलायला लागलं. आमच्या प्रतिनिधीच्या सेवेने आपलं समाधान झालं असल्यास एक दाबा, नसल्यास दोन दाबा. फर्निचरवाल्याने घड्याळाकडे बोट दाखवलं. अजून पंधरा मिनिटं होती. "मग, काय ठरलं?" त्याने विचारलं. मामाने पुडकं त्याच्याकडे सरकवलं आणि फोन डोळ्यांजवळ धरला. आकडे नीट दिसेनात. त्याने बाहीने डोळे पुसले, चाचपडत एक शोधला आणि दाबला. लागला की नाही ते कळेना, म्हणून पुन्हा दाबला, आणि पलीकडचं यंत्र केव्हाच गप्प झालं तरी तो एक दाबतच राहिला.